शेळीला पाला आणायला जाते

दुपारची भांडी झाली असतील, कुणी तांदूळ निवडत ऐकत असाल. निवडत राहा, हात थांबवायची गरज नाही. आज आम्ही मावळातल्या एका बचत गटाच्या बाया बोलतोय. आम्ही बाराजणी आहोत.

आमच्या मीटिंगला एरवी हप्ता, व्याज आणि कुणाचं किती थकलं, एवढंच बोलणं होतं. आषाढातल्या एका मीटिंगला मात्र वेगळंच निघालं. आमच्यातली एक रोज पाचच्या सुमाराला विळा घेऊन ओढ्याच्या बांधावर जाते. घरात सांगते, शेळीला पाला आणते. त्या दिवशी तिची जाऊ गमतीनं म्हणाली, "अगं, पाल्याचा भारा तर सकाळचाच गोठ्यात पडलाय. शेळी जेवते किती?" सगळ्या हसलो. ती हसली नाही. म्हणाली, "मी तिथं नुसती बसते. आंब्याखाली. पाणी बघते. कुणी हाक मारत नाही तिथं."

मग एकेक कबूल व्हायला लागली. एक जण गिरणीतून येताना मुद्दाम लांबच्या वाटेनं येते. एकीच्या दारात नळ आहे, तरी गोधड्या नदीवर नेते. आमच्यातल्या सगळ्यात वडीलधाऱ्या आजी रोज दिवेलागणीला देवळात जातात. त्या म्हणाल्या, "लोकांना वाटतं म्हातारी भक्तीची. मी आपली खांबाला टेकून बसते." म्हणजे बाराजणींची बारा निमित्तं होती. नुसती बसलेली बाई दिसली की घरातलं कुणीतरी विचारतंच, बरं नाही का गं? नाहीतर, काही काम नाही का?

पूर्वी हे निमित्त कामातच असायचं. पाण्याला जा, सरपणाला जा, शेण्या गोळा करायला जा. त्या कष्टांचं गुणगान आम्ही करणार नाही. डोक्यावर तीन हंडे घेऊन चढ चढलेल्या बाईची मान अजून दुखते आणि चुलीच्या धुरानं डोळे कसे होतात ते आम्हाला कुणी सांगायला नको. नळ आला, गॅस आला, बरंच झालं. पण जाण्यायेण्याची ती वाट गेली. वाचलेला वेळ आम्हाला मिळेल असं वाटलं होतं. तो शिवणात गेला, पोरांच्या शाळेच्या धावपळीत गेला, थोडा मोबाइलमध्ये गेला. खोटं कशाला बोला.

आमच्या भागात शनिवार-रविवारी शहरातली माणसं फार्महाऊसवर येतात. शांतता पाहिजे म्हणतात, पिठलं-भाकरी मागतात. आमच्यातल्या दोघी तिथं भाकऱ्या थापायला जातात. त्यांना साधं राहणं म्हणजे काय ते विचारा. पातळं दोनच असणं वेगळं आणि चार असताना दोनावर भागवणं वेगळं. पहिल्याला आम्ही साधेपणा म्हणत नाही.

आमच्याकडून भंडारा डोंगर दिसतो. देहूहून तुकोबा तिथं एकांताला यायचे, हे तुम्हाला माहीत आहे. माघ शुद्ध दशमीला आम्हीही चढतो. दुष्काळात तुकोबांची पहिली बायको गेली, मूल गेलं, दुकान बुडालं. लोकांकडून येणं असलेली खतं होती, त्यातली आपल्या वाटणीची त्यांनी इंद्रायणीत बुडवली, भावाच्या वाटणीची त्याला दिली असं सांगतात. (आमच्या गटाची वही कुणी नदीत टाकायला जाऊ नये, ती बाराजणींची आहे.) आणि मग ते डोंगरावर गेले.

पण डोंगरावर भाकरी कोण घेऊन जायचं? आवली. जिजाई म्हणा. घर सांभाळून, पोरं सांभाळून ती चढायची. वाटेत तिच्या पायात काटा मोडला आणि खुद्द विठ्ठलानं तो काढला, ही कथा आपण कीर्तनात ऐकतो. जनाबाईंच्या जात्याला त्याच देवानं हात लावला, असंही ऐकतो. पंढरपूरजवळ गोपाळपूरला ते जातं दाखवतात. आम्हाला त्या मीटिंगमध्ये पहिल्यांदा असं वाटलं, की या दोन्ही कथांत बाईच्या मदतीला देवाला यावं लागलं, कारण घरातलं कुणी आलं नव्हतं. तुकोबांना आम्ही नावं ठेवत नाही, ती आमची पायरी नव्हे. आवलीला मात्र विचारावंसं वाटतं, भाकरी देऊन झाल्यावर तू घटकाभर तिथं बसायचीस का, की लगेच उतरायचीस?

तर आम्ही ठरवलं. आठवड्यातून एक तास प्रत्येकीचा. निमित्त सांगायचं नाही. "मी बसायला जाते" एवढंच सांगायचं. त्या तासाला तिच्या घरचं दुसरीनं बघायचं, पोर असेल तर पोर, दूध काढायचं असेल तर दूध. मोबाइल पिशवीत ठेवायचा, पण न्यायचा, कारण उसात बिबट्या असतो. त्यामुळे अंधार पडायच्या आत परत यायचं आणि कुठं बसणार ते एकीला सांगून जायचं.

पहिल्या तासाला काय करावं ते सुचतच नाही. एक जण जाऊन गवत उपटत बसली. दुसरीला झोप लागली. तिसरी रडली, आणि का रडली ते तिनं सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही. दोन-तीन आठवड्यांनी डोळे उघडले म्हणा. रोजच्या बांधावर कुर्डू होता, टाकळा होता, वर झाडीत भारंगी होती. आमच्यातल्या तरुण सुनांना ती भाजी ओळखूच येत नव्हती. आजींनी दाखवली. टाकळा आणि कुर्डू कोवळा असतानाच घ्यायचा, कुर्डूला तुरा आला की सोडून द्यायचा. भारंगी कडू, उकडून पहिलं पाणी टाकायचं. आणि मुळासकट उपटायचं नाही, शेंडे खुडायचे. एका सुनेनं घरी टाकळ्याची भाजी केली तेव्हा सासरे म्हणाले, ही चव आईच्या हातची. त्यानंतर तिच्या तासाला घरात कुणी काही बोललं नाही.

सगळ्यांचं असं झालं नाही. एकीच्या नवऱ्यानं विचारलं, कुणाला भेटायला जातेस? दोन दिवस घरात धुसफूस झाली. आम्ही तिघी तिच्या सासूबाईंकडे जाऊन बसलो, चहा घेतला, सगळं सांगितलं. त्या ऐकून घेत होत्या. शेवटी म्हणाल्या, "आम्हाला कुणी असा तास दिला होता का?" यावर आम्हाला उत्तर देता आलं नाही.

ती सून अजून येत नाही. तिचा वार सोमवार. दर सोमवारी चार वाजता आमच्यातली एक तिच्या दारात जाऊन विचारते, तुझं पोर सांभाळायला घेऊ का? ती नाही म्हणते. गेल्या सोमवारी मात्र सासूबाई ओट्यावर बसल्या होत्या. आत वळून त्या सुनेला म्हणाल्या, "चार वाजले गं." पुढं काही बोलल्या नाहीत. आमची बाई थोडा वेळ तशीच उभी राहिली. आज रविवार आहे, उद्या परत जाणार आहोत.