यादीतली पावडर

सोलापूरला आमच्या घरी दखनी बोलत, पण महिन्याच्या किराण्याची यादी मराठीत लिहिली जाई. ते काम माझ्याकडे होते आणि मी मराठी शाळेत जात होतो. मी यादी वाचून दाखवायची आणि अब्बांनी पेन्सिलीने काट मारायची, असा रिवाज. अब्बा यंत्रमागावर कामाला. डाळ, तांदूळ, कपड्याचा साबण यांना हात लागत नसे. अम्मीने सांगितलेला पावडरचा डबा मात्र दर महिन्याला कापला जाई. ‘ही चैन,’ अब्बा म्हणत.

त्यांचे दाढीचे ब्लेड कधी कापले गेले नाही.

अब्बा उधळे होते असे नव्हे. एकच ब्लेड महिनाभर पुरावे म्हणून ते काचेच्या पेल्यात आतल्या बाजूला घासून धार आणत. तुरटीचा खडा तर वर्षानुवर्षे तोच. चार माणसांत जायचे तर तोंड नीट हवे, एवढेच त्यांचे म्हणणे. ते खोटे नव्हते. पण अम्मीलाही चार बायकांत जायचे असते, हे ना त्यांच्या लक्षात आले, ना यादी लिहिणाऱ्या माझ्या.

तुम्हीही आपल्या घरची जुनी यादी आठवून पाहा. काट कोण मारत होते?

सरकारलाही अशी यादी करावी लागते. 1 जुलै 2017 रोजी जीएसटी आला, तेव्हा कुंकू, टिकली, आळता करमुक्त ठरले. काजळही करमुक्त, पण काजळाच्या पेन्सिलीवर कर. शांपू आणि दाढीचे क्रीम 28 टक्क्यांत, मोटारींच्या पंगतीला. त्याच वर्षी नोव्हेंबरात ते 18 टक्क्यांवर आले. सॅनिटरी नॅपकिनवर 12 टक्के कर होता. बायकांनी आवाज उठवला, तेव्हा जुलै 2018 मध्ये तो गेला. कपाळावरच्या टिकलीची गरज ज्यांना पहिल्या दिवशी कळली, त्यांना ही गरज कळायला वर्ष लागावे! पुढे 22 सप्टेंबर 2025 पासून डोक्याचे तेल, शांपू, टूथपेस्ट, अंगाचा साबण आणि पावडरसुद्धा 5 टक्क्यांवर आली. हातांचा पातळ साबण तेवढा 18 वरच राहिला. वडी गरज आणि बाटली चैन, असा काहीसा हिशेब दिसतो.

आमच्या घरचा हिशेब बदलला तो अम्मी विड्या वळू लागली तेव्हा. पाने कापायची, तंबाखू भरायचा, दोरा गुंडाळायचा आणि तयार विड्या कारखान्यात नेऊन द्यायच्या. तिथे बायकांची रांग असे. पहिली मजुरी हाती आली त्या महिन्यात तिने यादी माझ्याकडून मागून घेतली. तिला मराठी लिहिता येत नव्हते. तिने ब्लेडच्या ओळीवर बोट ठेवले आणि म्हणाली, ‘इसके नीचे लिख.’ मी पावडर लिहिली. अब्बांनी पेन्सिल उचलली, थोडा वेळ हातात धरली आणि कानावर ठेवून दिली.

गेल्या वर्षी अम्मी दवाखान्यात होती. दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी, मोठे डॉक्टर येणार आहेत असे कानावर पडताच तिने मला खूण करून जवळ बोलावले आणि फणी मागितली. माझ्याकडे नव्हती. शेजारच्या खाटेवरच्या मावशींनी आपली दिली.