आकाशातील धंदा आणि आपली पुंजी



अवकाशाच्या धंद्यात पैसा घालावा की नाही, हा प्रश्न हल्ली मध्यमवर्गीय घरांतूनही ऐकू येतो. त्यावर एका शब्दात निकाल देण्याऐवजी आम्ही एका कंपनीची हकीकत आपल्यापुढे ठेवतो.

इरिडियम हे एका धातूचे नाव. त्याचा अणुक्रमांक ७७. मोटोरोला कंपनीने ७७ उपग्रहांचे जाळे पृथ्वीभोवती विणण्याचा बेत केला, म्हणून योजनेस हे नाव मिळाले. पुढे ६६ उपग्रहांवर भागले. नोव्हेंबर १९९८ मध्ये सेवा सुरू झाली. वाळवंटातून, भर समुद्रातून, कोठूनही बोलता यावे, ही कल्पना खरी होती. यंत्रेही चालत होती. पण एका दूरध्वनीची किंमत सुमारे ३,००० डॉलर, आणि छपराखाली तो धड चालेना! उपग्रह वर जाईपर्यंत शहरोशहरी साधे मोबाइल येऊन बसले होते. डोक्यावर कर्जाचा डोंगर; ऑगस्ट १९९९ मध्ये, वर्ष भरण्याच्या आतच, कंपनीचे दिवाळे निघाले.

सुमारे ५०० कोटी डॉलरांचा तो पसारा पुढल्या वर्षी अवघ्या अडीच कोटींत विकला गेला. म्हणजे रुपयाला अर्धा पैसा! नव्या मालकांना अमेरिकेच्या संरक्षण खात्यासारखे खात्रीचे गिऱ्हाईक लाभले. २०१७ ते २०१९ या काळात उपग्रहांची नवी पिढी वर गेली, आणि धंदा मार्गी लागला.

तेव्हा कल्पना बुडाली नाही. बुडाले ते पहिले भागधारक. धंद्याचे भवितव्य आणि भागाचे मोल ही दोन निराळी खाती आहेत. ती एकत्र मांडणारा मनुष्य हटकून फसतो.

आपल्याकडे २०२० साली सरकारने हे क्षेत्र खाजगी उद्योगांस मोकळे केले. पण विक्रोळीला गोदरेजच्या कारखान्यात इस्रोची इंजिने आणि वालचंदनगरला अग्निबाणांची कवचे त्याच्या कितीतरी आधीपासून होत आली आहेत. तेथे आधी मागणी आणि मग माल, असा क्रम होता.

म्हणून आम्ही तीनच प्रश्न सुचवतो. गिऱ्हाईक कोण? पैसा किती वर्षे अडकणार? आणि तोवर कर्जाचे व्याज कोण भरणार? उत्तरे मिळाली, तरी मुलांच्या शिक्षणाची वा म्हातारपणाची पुंजी तिकडे वळवू नये. पंधरा वर्षे परत न आला तरी ज्याच्यावाचून घर अडणार नाही, तेवढाच पैसा आकाशात पाठवावा.