गेटवर वसुलीवाले आले तर

(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमातील भाषण)



बँकेत ३४ वर्षं गेली, निम्मी लातूर जिल्ह्यात, निम्मी इथं नांदेडला. तेव्हा मी पैशाबद्दलच बोलणार, हे तुम्ही ओळखलंच असेल.

मागच्या वर्षी रात्री साडेनऊला आपल्या गेटवर दोन पोरं आली. वॉचमनला आणि खेळणाऱ्या लेकरांना सांगत सुटली, "अमुक साहेब हप्ते बुडवून लपलेत." कर्ज साहेबांचं नव्हतंच. मेहुण्यानं मोबाईलवरून घेतलेलं, त्यात यांचा नंबर फक्त ओळखीसाठी दिलेला. हे जामीनदारसुद्धा नव्हते. तरी सकाळी त्यांनी गुपचूप १८ हजार भरले. पावती नाही. त्यांच्या परवानगीनं सांगतोय, नाव सांगत नाही.

मला राग आला, आणि खरं सांगायचं तर लाजही वाटली. मार्चएंडला आम्हीही जीप घेऊन वसुलीला जायचो. एका गावात मी मुद्दाम पारासमोर जीप थांबवून थकबाकीदाराचं नाव मोठ्यानं घेतलं. दुसऱ्या दिवशी पैसे आले. बायकोच्या पाटल्या मोडून आणले होते, हे नंतर कळलं. वरिष्ठांनी तेव्हा माझी पाठ थोपटली होती.

कर्ज फेडलंच पाहिजे, त्यात वाद नाही. पण रिझर्व्ह बँकेनं १२ ऑगस्ट २०२२ ला स्पष्ट बजावलंय: थकीत कर्जासाठी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन नाही. धमकी नाही, चारचौघांत अपमान नाही, घरच्यांना आणि मित्रांना त्रास नाही. ओळखीसाठी ज्याचं नाव दिलंय, त्यालासुद्धा नाही. एजंटाकडं ओळखपत्र आणि बँकेचं पत्र हवं. तक्रार आधी बँकेकडं लेखी करा, पोच घ्या. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं जा. फी लागत नाही, माहितीसाठी १४४४८ वर फोन करा. खासगी सावकार असेल तर मात्र जिल्हा उपनिबंधक.

आणि हिशेब मागायला लाजू नका. २०१६ ला मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली, आठवतं ना? मे महिन्यात रेल्वेचं सुमारे ४ कोटींचं बिल आलं, तेव्हा केवढा गहजब झाला! रेल्वेनं खुलासा केला, जिल्हा प्रशासनानंच मागितलं म्हणून दिलं. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. जिल्ह्याचं प्रशासन खर्चाचा आकडा कागदावर मागतं, मग आपण १८ हजार बिनपावतीचे का द्यावेत?

विजेचंही तसंच. अचानक जुनी थकबाकी लावली तर २००३ च्या वीज कायद्याचं कलम ५६ दाखवा. वीज तोडण्याआधी १५ दिवसांची लेखी नोटीस लागते.

कमिटीला एकच विनंती. गेटवरच्या रजिस्टरात वसुलीवाल्याचं नाव, कंपनी, ओळखपत्राचा नंबर आणि वेळ लिहून घ्या. वॉचमननं फ्लॅट नंबर सांगायचा नाही, इंटरकॉमवर त्या घरी विचारायचं. आणि ज्यांच्याकडं असा फोन येतो, त्यांनी पैसे भरण्याआधी माझ्याकडं यावं. संध्याकाळी ५ नंतर मी घरीच असतो.