दोनशे दहा टनांचे सोळाशे ऐंशी ग्रॅम

(रौप्यमहोत्सवी सोहळ्यात दुसऱ्या दिवशी संध्याकाळी केलेले हे भाषण. स्मरणिका समितीच्या आग्रहावरून लिहून काढले. बोलण्यातले बरेचसे तसेच ठेवले आहे.)



ए विंगच्या तिसऱ्या मजल्यावरून दुपारी काहीतरी घासल्याचा आवाज येतो, अशी तोंडी तक्रार सचिवांकडे दोनदा गेल्याचं माझ्या कानावर आलं होतं. तो आवाज आज टेबलावर ठेवला आहे. लांबी ७७ सेंटिमीटर, रुंदी सव्वापंधरा, आणि रिमोटवर चालतो.

ही आपल्या नौदलाची क्षेपणास्त्र नौका ‘निपात’. १९७१ साली रशियाकडून अशा आठ बोटी आल्या. जहाजावरून त्या उतरवायला लागेल एवढी मोठी क्रेन मुंबईत नव्हती, म्हणून त्या कलकत्त्याला उतरवल्या आणि तिथून अर्ध्या देशाला समुद्रातून वळसा घालत मुंबईपर्यंत ओढत आणल्या. मुळात या बोटी बंदराच्या राखणीसाठी बनवलेल्या. वेग भन्नाट, पण इंधनाची टाकी लहान, लांबचा पल्ला नाही. पण एवढं अंतर ओढत आणता येतात म्हटल्यावर, शत्रूच्या बंदराजवळ ओढत नेऊन सोडता येतील, हा विचार पुढे आला. ४ डिसेंबरच्या रात्री ‘निपात’, ‘निर्घात’ आणि ‘वीर’ कराचीवर गेल्या. नेतृत्व कमांडर बबरू भान यादव यांचं. त्यांना महावीर चक्र मिळालं. आपण ४ डिसेंबरला नौदल दिन पाळतो तो त्याच रात्रीमुळे.

इतिहास मुलांनी शाळेत थोडाफार ऐकलेला असतो. मला बोलायचंय ते वजनाबद्दल.

मी एकतीस वर्षं ड्रॉइंग बोर्डवर काम केलं, त्यामुळे ‘स्केल’ हा शब्द माझ्या अंगात मुरलेला. आमची बोट एकास पन्नास आहे. खरी ३८.६ मीटर, म्हणून ही ७७ सेंटिमीटर. इथवर सातवीतल्या मुलालाही जमतं. पण वजन किती? मुलांना विचारलं तर सगळे म्हणाले, पन्नासाने भागा. तसं केलं तर टेबलावरच्या बोटीचं वजन चार टन होईल! लांबी पन्नासाने कमी झाली, रुंदी पन्नासाने, उंचीही पन्नासाने. म्हणजे भागायचं एक लाख पंचवीस हजाराने. खरी बोट पूर्ण भरल्यावर साधारण २१० टनांची. भागून आले १६८० ग्रॅम.

हा आकडा मी कपाटाच्या दारावर खडूने लिहून ठेवला होता. कारण त्याच्याशी लबाडी चालत नाही. कागदावर चूक खोडता येते. इथे वजन शंभर ग्रॅम वाढलं की बोट पाण्यात खाली बसते आणि रंगवलेली पाण्याची रेषा दिसेनाशी होते. कमी पडलं की बोट बाटलीच्या बुचासारखी वर तरंगते. बघणाऱ्याला कारण कळत नाही, पण काहीतरी खोटं आहे हे लगेच कळतं.

तेव्हा आमचा सगळा खेळ स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर चालला. तीन मिलिमीटर प्लायवूडच्या आडव्या फळ्या, त्यावर बाल्साच्या पट्ट्या, वरून पातळ फायबरग्लासचं कापड आणि रेझिन, असा तळ ५२० ग्रॅमचा झाला. दोन मोटारी १५०. दांडे, पितळी पंखे आणि सुकाणू मिळून १९०. खऱ्या बोटीला तीन इंजिनं आणि तीन पंखे. आम्ही दोनच फिरवले, मधला नुसता शोभेचा. बॅटरी १८०. असं करत करत सगळं धरून १४८० ग्रॅमवर आलो आणि उरलेले दोनशे ग्रॅम शिसं अगदी तळाशी चिकटवलं. शिसं वापरायला मिळणं ही चैन आहे, कारण ते हवं तिथे ठेवता येतं.

खरा वाद झाला तो चार डब्यांवरून. डेकवर ते चार मोठे पेटारे दिसतात ना, त्यात क्षेपणास्त्रं असतात. एक क्षेपणास्त्र जवळजवळ सहा मीटर लांब, म्हणजे आपल्या स्केलला साडेअकरा सेंटिमीटर. आमच्या इमारतीतल्या एका उत्साही इंजिनीअर भाचेबुवांनी पत्र्याचे सुबक डबे करून दिले. दिसायला देखणे, पण एक डबा ५५ ग्रॅमचा. तोच डबा प्लास्टिकच्या पातळ पत्र्यातून कापला तर १८. चार डब्यांमागे दीडशे ग्रॅमचा फरक, आणि तोही वर, डेकच्याही वर! खाली कितीही शिसं घाला, वळताना अशी बोट कलते आणि कललेली राहते. पत्र्याचे डबे आता माझ्या देवघरात उदबत्त्या ठेवायला आहेत. भाचेबुवांनी राग मानला नाही.

वेगाचंही असंच गंमतीचं गणित. खरी बोट ताशी सत्तर किलोमीटर धावते. पन्नासाने भागलं तर ताशी दीड किलोमीटर येतात, म्हणजे गोगलगाय. पण पाण्याच्या लाटा लांबीच्या वर्गमुळाच्या हिशेबाने चालतात. पन्नासाचं वर्गमूळ सातच्या किंचित वर, म्हणून बोटीचा खरा दिसणारा वेग ताशी दहा किलोमीटर. ओळखीच्यांच्या शेततळ्यावर तीस मीटरला पावणेअकरा सेकंद लागले, आणि मागे उठलेली पांढरी शेपटी फोटोतल्यासारखी निघाली. शेततळं निवडायचं कारण, तळाला प्लास्टिक असल्याने पंख्यात शेवाळ अडकत नाही. रेडिओची लहर पाण्यातून जात नाही, म्हणून अँटेना पाण्याच्या रेषेच्या वर हवी. आणि सिग्नल तुटला की मोटार आपोआप बंद होईल असं आधीच लावून ठेवायचं. नाहीतर बोट समोरच्या काठावर आपटेपर्यंत हात चोळत बसावं लागतं.

जाता जाता एक, सोसायटीच्या हिताचं. या लिथियम बॅटऱ्या चार्जिंगला लावून झोपायचं नाही. खेळण्यातल्या असोत की स्कूटरच्या. मी समोर बसून चार्ज करते, खाली फरशी, जवळपास पडदा नाही.

आता रंग. पावसाळ्यात रंगवायला बसलं की हवेतला ओलावा रंगात शिरून पांढुरका थर येतो, म्हणून दसऱ्यापर्यंत थांबलो. आधी लांबी भरून वॉटर पेपरने घासणं (हाच तो आवाज), मग प्रायमर, मग पातळ तीन हात. एक जाड हात दिला तर बारीक रेषा बुजतात, आणि वजन? सगळा रंग मिळून साठ ग्रॅम भरला, तोही मी मोजला होता. पाण्याची रेषा आखायला बोट सपाट टेबलावर नीट बसवायची, पेन्सिल लाकडाच्या ठोकळ्याला बांधायची आणि ठोकळा बोटीभोवती फिरवायचा. रेषेच्या वर करडा, खाली तांबडा. टेप लावल्यावर तिच्या कडेवर आधी खालचाच रंग फिरवायचा, म्हणजे पुढचा रंग आत झिरपत नाही.

करड्या रंगाबद्दल लक्षात ठेवण्यासारखं: मोठ्या जहाजाचा रंग आपण लांबून, मधल्या हवेतून बघतो, म्हणून तो फिका भासतो. तोच रंग जसाच्या तसा हातभर बोटीला दिला की काळपट दिसतो. थोडा पांढरा मिसळावा लागतो, आणि चकाकी मारावी लागते.

मुलांना त्यावर गंजाचे ओघळ हवे होते. चित्रात फार छान दिसतात. बी विंगमधले आपले काका, नौदलातून निवृत्त झालेले, एरवी फारसं बोलत नाहीत. ते एवढंच म्हणाले की नौदलात रंगाचा ब्रश खाली ठेवतच नाहीत; गंज दिसलाच तर तो कुणाच्या तरी नावावर लागतो. गंज रद्द झाला.

दुसरी मागणी होती, मिसाईल उडालं पाहिजे. छोट्या स्प्रिंगवर जमलंही असतं. मी नाही म्हटलं, आणि मुलं आठवडाभर रुसली. का नाही म्हटलं ते आज सगळ्यांसमोर सांगते. त्या रात्री पाकिस्तानची ‘खैबर’ बुडाली तेव्हा तिच्यावरचे दोनशेहून अधिक खलाशी गेले. पाच दिवसांनी, ९ डिसेंबरला, दीवजवळ आपली ‘खुकरी’ पाणबुडीने बुडवली. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाज सोडून गेले नाहीत. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. दीवला जे फिरायला गेले असतील त्यांनी टेकडीवर काचेच्या घरात ठेवलेली ‘खुकरी’ची प्रतिकृती पाहिली असेल. आपल्यासारखंच कुणीतरी ती बसून केली आहे, मोजून. तिच्यातून काही उडत नाही. आपल्या ‘निपात’चे डबेही बंदच राहतील. हे ऐकून काकांनी काही म्हटलं नाही, पण दुसऱ्या दिवशी स्वतः येऊन मास्टवरचा झेंडा शिवून दिला. बोटाच्या नखाएवढा.

बोट जेवणाच्या हॉलच्या दाराशी ठेवली आहे. हात लावायला हरकत नाही. उचलायची असेल तर दोन्ही हातांनी तळाखालून धरा, मास्ट आणि अँटेना सोडून. शेततळ्यावर पुढच्या रविवारी सकाळी सातला निघणार आहोत. गाडीत सहा जणांची जागा आहे. नावं वॉचमनकडच्या वहीत लिहा, मुलांनी आईबाबांना विचारून. काकांची जागा आधीच राखून ठेवली आहे.