फळांतील गुण आणि गोळींतील गुण

पेण तालुक्यांतील कासू हें माझें गांव. येथें पावसाळ्यांत कोयता चार दिवस कोपऱ्यांत राहिला कीं गंजतो. ओलसर हवेंतील प्राणवायूची ही करणी होय. प्राणवायूवांचून आपणही जगत नाहीं. पण त्याच्या वापरांत शरीरांत कांहीं अस्थिर कण उत्पन्न होऊन पेशींस इजा करतात. त्या कणांस आवरणाऱ्या द्रव्यांस ‘अँटिऑक्सिडंट’ म्हणतात. ‘क’ जीवनसत्त्व हें त्यांतील एक. त्यावरील संशोधनाबद्दल आल्बर्ट सेंट-ज्यॉर्जी यांस १९३७ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें.

हीं द्रव्यें आपल्या अंगणांतच आहेत. आवळ्यांत व पेरूंत ‘क’ जीवनसत्त्व विपुल असतें. जांभूळ, करवंद, कोकम यांस गडद वर्ण देणारीं द्रव्यें याच जातीचीं. तांबड्या तांदुळाच्या कोंड्यांतही तीं असतात. म्हणून तो अति सडूं नये.

मीं तीस वर्षें विडी ओढिली. माझ्या प्रकृतीच्या काळजीनें चिरंजीवांनीं मुंबईहून बीटा-कॅरोटीनच्या गोळ्या आणिल्या. हेतु चांगला, परंतु फिनलंडमध्यें धूम्रपान करणाऱ्या २९,१३३ पुरुषांवर झालेल्या प्रयोगांत, १९९४ सालच्या अहवालाप्रमाणें, या गोळ्या घेणाऱ्यांत फुफ्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनीं अधिक आढळला. फळांत जें द्रव्य इतरांच्या संगतींत अल्प प्रमाणांत असतें, तें वेगळें काढून भरपूर घेतल्यास हितकर होईलच असें नाहीं.

मीं गोळ्या परत केल्या, आणि विडीही सोडली. उन्हाळ्यांत करवंदें विकणारी कातकरी बाई दारावरून जाते, तेव्हां तिला हांक मारतों. आधीं व्यसन जावें, मग ताटांत फळ यावें. हा क्रम उलटणाऱ्यास फळही तारणार नाहीं.