डाय कुठे आहे?



निमंत्रणपत्रिकेवर विषय छापला आहे, ‘संप आणि वाटाघाटीची ताकद’. मी २८ वर्षं टूलरूममध्ये काढली, तेव्हा माझं मत आधीच सांगून टाकतो. संपात कोणाचं पारडं जड, हे मोर्च्याला किती माणसं आली यावर ठरत नाही. डाय कुठे आहे, यावर ठरतं.

पिंपरी-चिंचवडची बरीच मंडळी समोर दिसताहेत, त्यांना डाय म्हणजे काय ते सांगायला नको. बाकीच्यांसाठी एवढंच, की पत्र्याला मोटारीच्या दाराचा, टपाचा आकार देणारा हा पोलादी साचा. वजन काही टन, आणि नवा करायचा तर महिने जातात. संप, टाळेबंदी, कायद्याची कलमं हे तुम्ही जाणता. ते सोडून थेट फ्लिंटला जाऊ.

फ्लिंट म्हणजे अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातलं जनरल मोटर्सचं गाव. साल १९३६. युनायटेड ऑटो वर्कर्स ही युनियन नुकती उभी राहत होती आणि कंपनी तिला मान्यता द्यायला तयार नव्हती. ३० डिसेंबरला कंपनीच्याच फिशर बॉडीच्या एक नंबर कारखान्यात बातमी पसरली, की बाहेर रेल्वेच्या डब्यांत डाय चढवताहेत. त्या वर्षीच्या बॉडीच्या महत्त्वाच्या डाय दोनच ठिकाणी होत्या, इथे आणि क्लीव्हलंडला. क्लीव्हलंडचे कामगार दोन दिवस आधीच कामावर बसून राहिले होते. आता फ्लिंटच्या डाय युनियन दुबळी असलेल्या गावी गेल्या असत्या, तर सगळं तिथेच आटोपलं असतं. म्हणून कामगार गेटबाहेर आलेच नाहीत. मशीनपाशीच बसले. गेटबाहेर उभ्या माणसाच्या जागी कंपनी दुसरा माणूस आणू शकते. मशीनला टेकून बसलेल्याच्या जागी कोणाला आणणार?

फिशर बॉडीच्या दोन नंबर कारखान्यातही कामगार बसून होते. ११ जानेवारीला, ऐन थंडीत, तिथली ऊब बंद केली, जेवण अडवलं, पोलिसांनी अश्रुधूर सोडला, गोळ्याही चालवल्या. कामगारांनी पाण्याचे बंब सोडले आणि मोटारीच्या दारांच्या बिजागऱ्या फेकून पोलिसांना मागे हटवलं.

तरीही कंपनी बधेना. आता चार नंबरची गोष्ट सांगतो. ती दोन मिनिटांत आवरायची असं घरून ठरवून आलो होतो, पण ती सविस्तरच सांगायला हवी. शेव्हरोलेची इंजिनं बनायची ती चार नंबर कारखान्यात. तिथे पहारा कडक. युनियनच्या बैठकांत कंपनीचे खबरे बसतात, हे नेत्यांना ठाऊक होतं. त्यांनी बैठकीत पसरवलं, की आपण नऊ नंबर घेणार. १ फेब्रुवारीला दुपारी नऊ नंबरमध्ये खरोखरच धुमश्चक्री सुरू झाली. पहारेकरी सगळे तिकडे धावले. (हशा) पण आतल्या कामगारांनी मार खाल्ला, हे विसरू नका. अश्रुधुराने त्यांचा जीव गुदमरला, तेव्हा लाल टोप्या घातलेल्या बायका दंडुके घेऊन आल्या आणि त्यांनी बाहेरून खिडक्यांच्या काचा फोडल्या, आत हवा जावी म्हणून. ही महिलांची तुकडी जेनोरा जॉन्सन या २३ वर्षांच्या बाईने उभी केली होती. या गोंधळात तिकडे चार नंबर कामगारांच्या ताब्यात गेला. (टाळ्या)

त्यानंतर दहा दिवसांत, ११ फेब्रुवारीला, संपाच्या ४४ व्या दिवशी, जगातल्या सर्वांत मोठ्या मोटार कंपनीने युनियनला मान्यता देणाऱ्या करारावर सही केली. आत बसलेली माणसं कंपनीच्या एकूण कामगारांच्या मानाने थोडी होती. पण ती बसली होती नेमक्या जागी.

हे मला पुस्तकातून कळण्याआधी अंगावरून कळलं होतं. आमच्या कारखान्यातल्या संपात, एकोणिसाव्या रात्री, आम्ही सातशे जण पुढच्या गेटवर घोषणा देत होतो आणि मागच्या गेटने ताडपत्री टाकलेले दोन ट्रेलर बाहेर पडले. त्यांत मी हाताने घासून पुरी केलेली डाय होती. महिनाभरात तोच भाग दुसरीकडे बनू लागला. तीन महिन्यांनी आम्ही जुन्याच पगारावर आत गेलो.

(श्रोत्यांतून: ‘आणि कंपनीच उठून गेली तर?’)

प्रश्न खरा आहे, टाळणार नाही. १९९८ साली त्याच फ्लिंटमध्ये कंपनीने रजेच्या दिवसांत डाय ओहायोला हलवल्या. दोन कारखान्यांतले मिळून सुमारे ९,२०० कामगार ५४ दिवस संपावर गेले आणि उत्तर अमेरिकेतलं कंपनीचं जवळजवळ सगळं उत्पादन थांबलं, कारण सुट्या भागांचा साठा कोणी ठेवतच नव्हतं. तडजोड झाली. पण पुढच्याच वर्षी कंपनीने सुट्या भागांचा धंदा वेगळा काढला. ताकद कायमची नसते, हे मीही मानतो. पण कंपनी जाईल या भीतीने जो मागत नाही, त्याच्याकडूनही कंपनी जातेच. आणि नुसती संख्या पुरत नाही, हे मुंबईत आपण पाहिलं. १९८२ चा गिरणी संप तुम्हाला सांगायला नको. अडीच लाख माणसं होती, निर्धार होता. पण मालकांच्या गोदामांत कापड होतं आणि भिवंडीचे यंत्रमाग चालू होते. गिरणी कामगाराच्या त्यागाला मी हात जोडतो. पण डाय त्यांच्या हातात नव्हती.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, पाच मिनिटं. २०२३ चं झटपट सांगतो. १५ सप्टेंबरला त्याच युनायटेड ऑटो वर्कर्सने फोर्ड, जनरल मोटर्स आणि स्टेलँटिस या तिन्ही कंपन्यांत एकाच वेळी संप केला. पण दीड लाखाच्या आसपास सभासदांपैकी पहिल्या दिवशी बाहेर काढले सुमारे १३,०००, तीन कारखान्यांतले. बाकीचे कामावर, पगार चालू. संपावरच्या माणसाला आठवड्याला ५०० डॉलर संपनिधीतून. पुढचा कारखाना कोणता, हे कंपन्यांना कळू दिलं नाही. ११ ऑक्टोबरला केंटकीतला फोर्डचा ट्रकचा कारखाना बंद पडला, फोर्डला सर्वांत जास्त नफा देणारा, ८,७०० कामगारांचा. दोन आठवड्यांत फोर्ड नमली, महिनाअखेर तिघीही. सुमारे साडेचार वर्षांत २५ टक्के पगारवाढ.

चाकण, तळेगाव, रांजणगाव इथल्या युनियनच्या मंडळींना हात जोडून सांगतो. आपल्या कारखान्यातला कोणता भाग दुसरीकडे बनत नाही, हे आधी शोधा. आणि आपला करार कधी संपतो, ती तारीख शेजारच्या कारखान्याला कळवा. अमेरिकेतल्या त्या तिन्ही करारांची मुदत ३० एप्रिल २०२८ ला संपते. दुसऱ्या दिवशी १ मे आहे.