रहस्यकथालेखिका तपास करते तेव्हा

डोरोथी एल. सेयर्स या आंग्ल लेखिकेने 1932 साली प्रसिद्ध केलेल्या ‘हॅव हिज कारकेस’ या कादंबरीची नायिका हॅरिएट व्हेन ही स्वतःच रहस्यकथा लिहून चरितार्थ चालविणारी स्त्री आहे. निर्जन समुद्रकिनाऱ्यावर एकटीच पदभ्रमण करीत असता, खडकावर गळा चिरलेला एक मृतदेह तिच्या दृष्टीस पडतो. रक्त अद्याप गोठलेले नाही, भरती तर चढत आहे, आणि पंचनाम्यास कोणी येण्यापूर्वीच प्रेत वाहून जाईल हे ओळखून ती छायाचित्रे घेते व वस्तरा मुद्देमाल म्हणून ताब्यात घेते. अशा प्रसंगी आपला कल्पित गुप्तहेर काय करील, हा विचार मनात आणूनच ती भेदरलेल्या चित्ताला धीर देते, हा भाग मला विलक्षण सत्य वाटतो. पुढे हौशी गुप्तहेर लॉर्ड पीटर विम्झी याच्यासह जबान्यांतील वेळांचा मेळ घालताना, कागदावर सुलभ भासणारे तर्कशास्त्र प्रत्यक्षात किती दुर्घट असते, याचा तिला पदोपदी प्रत्यय येतो. हॅरिएटवर पूर्वी आलेला विषप्रयोगाचा खोटा आरोप 1930 च्या ‘स्ट्राँग पॉयझन’मध्ये वर्णिलेला असल्याने, जिज्ञासूंनी ती कादंबरी आधी वाचावी.